वहिनीच्या गाडीचा पिकअप

वहिनी, तुझ्या गाडीचा पंप मी वाढवलाच नव्हता.

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजच्या गाळ्यातल्या पोरांना नाही, आणि तुला तर नाहीच नाही. पंपवाल्याने डिझेलचा पंप टेस्ट करून देताना स्क्रूमधून तार ओवून शिशाचं सील दाबलं होतं. ते सील अजून जसंच्या तसं आहे. काल खाली जाऊन बॉनेट उघडून बघून आलो. आणि तू इतकी वर्षं अख्ख्या लालबागला सांगत फिरलीस, "माझ्या दिरानं पंप असा वाढवलाय, की घाटात ट्रकवाल्यांना टाटा करून जाते. आणि धूर? उदबत्तीचा पण जास्त असेल."

धूर येणार कुठून, वहिनी? वाढवलेल्या पंपाचा धूर काळा येतो. तुझा पंप होता तेवढाच होता.

तुझं तेरावं झालं. लोक जेवून गेले. जो तो तुझी एक तरी गोष्ट सांगत होता आणि प्रत्येकाच्या गोष्टीत गाडी होतीच. शेजारचे पेडणेकर काका पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "दिनू, त्या पंपाचं नक्की काय केलंवतंस रे तू? आता तरी सांग." मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पंगतीकडे सरकलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ह्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पाना लागतो."

खरंच लागतो. म्हणून हे लिहितोय.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी पाचवीत होतो. आई म्हणाली, त्याला भावजी म्हण. तू म्हणालीस, "एवढ्याशा पोराला काय भावजी? शेंबूड पुसता येतो का आधी विचारा." तेव्हापासून मी दिनू आणि तू माझी वहिनी असलीस तरी अगं-तुगंतली. दादाला मी घाबरायचो. तुला कधीच नाही. त्यामुळेच बहुधा खोटं बोलायला तूच सापडलीस. घाबरतो त्या माणसाशी आपण जपून बोलतो.

दादाने जन्मभर शेटच्या गाड्या चालवल्या आणि निवृत्तीनंतर स्वतःची घेतली ती ही जुनी पांढरी डिझेल. आधीच्या मालकाने पुरती पिळून काढलेली. दादाने तुला तिच्यातून दोनदा गावी नेलं आणि मग तोच गेला. सगळे म्हणाले, गाडी विका. तू गाळ्यावर आलीस, चावी माझ्यासमोर धरलीस आणि म्हणालीस, "शिकव."

पन्नाशी उलटलेली बाई. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर तू पदर खोचून, चपला सीटखाली सरकवून बसायचीस. क्लच सोडलास की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. एकदा हवालदार आला. "मावशी, काय चाललंय?" तू काच खाली करून म्हणालीस, "पुढे मोठ्ठा एल लावलाय, तो वाचा. आणि तुम्ही जरा बाजूला उभे राहा, मी अजून ब्रेकपर्यंत पोचले नाही." तो मुकाट्याने फुटपाथवर चढला होता.

पुढे ती गाडी तुझं पोट झाली. माहेरचे आंबे, कोकम, आगळ, उकडे तांदूळ. डिलाईल रोडपासून चिवडा गल्लीपर्यंत तुझी गिऱ्हाइकं. येताना मागची सीट छतापर्यंत पेट्यांनी भरलेली, आणि कशेडी घाट लागला की गाडी पहिल्या गियरवर. मागे ट्रकांची रांग आणि नुसते हॉर्न. एका मेमध्ये ती चढावर थांबलीच. तू उतरून चाकामागे दगड लावलेस. तेवढ्यात एका ट्रकचा क्लीनर खिडकीतून ओरडला, "आजी, गाडी विका, बैल घ्या!"

गाळ्यावर आलीस ती रागाने लाल होऊन. "आजी म्हणाला मला! बैल राहू दे, आजी म्हणाला! दिनू, मला पिकअप पाहिजे. बाकी माका काय सांगा नको. गाडी चडाक व्हयी, बस्स."

मी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. आतून भकाभका धूर. रिंग गेलेल्या, बोअर झिजलेला, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाचा दम, नावालाही नाही. म्हटलं, "हिला फुल इंजिन काम लागेल." तू टॅक्सी स्टँडवर आधीच चौकशी करून आली होतीस. तिथे तुला कुणीतरी सांगितलं होतं की पंपाचा एक स्क्रू आत फिरवला की डिझेल जास्त पडतं आणि गाडी उडते, कशाला इंजिन खोलता. दुसऱ्याने कुर्ल्याच्या भंगारातून टर्बो आणून बसवायला सांगितलं होतं. टर्बो म्हणजे काय ते तुला कळलं नव्हतं, पण नाव आवडलं होतं.

आपलं ते भांडण आंब्याचा सीझन संपेपर्यंत चाललं. आठवतं ना? तू म्हणायचीस, "जुनं पातळ उसवून परत तेच पातळ शिवतं का कुणी? त्याचा फ्रॉक शिवतात, काहीतरी नवीन करतात." मी म्हणायचो, "विरलेल्या कापडाचा फ्रॉक शिवलास तर पहिल्या धुण्यात फाटेल." त्यावर तू म्हणालीस, "म्हणजे तू आधी नवं कापड विणणार आणि त्याचं परत जुनंच पातळ करणार. अक्कल बघा माझ्या दिराची."

वहिनी, तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. हेही आज पहिल्यांदाच कबूल करतो. झिजलेल्या इंजिनाचा पंप वाढवणं म्हणजे त्याला मारणंच. पण इंजिन पूर्ण नवं करून घेतल्यावर थोडासा, अगदी थोडासा पंप वाढवला असता तर ते इंजिन सहज पेललं असतं. मी ठणकावून "नाही" म्हणालो. हेड फुटेल, पिस्टन जळेल, घाटात अडकशील, असं काय काय सांगितलं. खरं कारण इंजिनात नव्हतंच. मला तू जोरात जायला नको होतीस. दादा गेल्यावर रात्रंदिवस एकच भीती वाटायची. तू एकटी, मागे पेट्या, समोर वळण. गाडी रांगते आहे तेच बरं आहे, असं मी मनात धरून बसलो होतो. तुझ्या वेगाचं ठरवणारा मी कोण? कुणी विचारलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी तू म्हणालीस, "बरं, कर तुझं इंजिन काम. पण त्याबरोबर पंप पण वाढव. शब्द दे."

मी म्हटलं, "हं."

तेवढंच. तुझ्यासाठी तो शब्द होता. माझ्यासाठी तो नुसता हुंकार होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

ते दिवस मात्र किती चांगले होते. इंजिन उतरवलं, ब्लॉक बोअरिंगला गेला, आणि तू रोज दुपारी डबा घेऊन हजर. पहिल्या दिवशी नवा पिस्टन हातात घेऊन म्हणालीस, "एवढंसं? ह्याच्या जिवावर मी घाट चढते?" पोरांनी तुला स्टूल दिलं. मी हेडचे वॉल्व बसवत होतो. पेस्ट लावायची, काठीची रबरी टोपी वॉल्ववर चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांत धरून फिरवत राहायचं, वॉल्व आणि त्याची बैठक एकमेकांना अगदी घट्ट मिळेपर्यंत. तू थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "अरे, हे तर ताक घुसळणं आहे. सरक." आणि बसलीस घुसळत. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, तळवे काळे. मी डिझेल टाकून बघितलं, एकाही वॉल्वमधून थेंब गळेना. माझ्या गाळ्यातल्या पोरांना असं काम जमायला वर्ष लागतं. मी तसं बोललो मात्र नाही. म्हटलं, "ठीक आहे." तू म्हणालीस, "ठीक आहे म्हणे! लोणी आलं असतं एवढ्यात."

गाडी जोडून झाली. सुरुवातीला हळू चालव म्हणून तुला ताकीद दिली, ती तू चक्क पाळलीस. आणि मग गावी जाऊन आलीस. गाळ्याच्या दारातूनच ओरडलीस, "दिनू! तिसऱ्यात चढली रे! कशेडी तिसऱ्यात!" हातात खाज्याची पुडी. सगळ्या पोरांना वाटलंस, माझ्या तोंडात तर कोंबलंस. "ह्याला म्हणतात पंप वाढवणं! बघितलंस, मी सांगत होते ते?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात खाजा होता हे काही कारण नाही. कारण असं की पोरं टाळ्या वाजवत होती, आणि तू माझ्याकडे ज्या कौतुकाने बघत होतीस तसं आजवर माझ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. आईनेही नाही. मला ते हवं होतं.

तुला कळणार तरी कसं? दादाने गाडी घेतली तेव्हाच ती थकलेली होती. तिची मूळची ओढ तू कधी अनुभवलीच नव्हतीस. नवी असताना ती जशी चढायची तशीच आता चढली, आणि तुला वाटलं वरून काहीतरी घातलंय. त्या चढण्यात तुझ्या तळव्यांचाही वाटा होता, पण तो तू कुणाला सांगितला नाहीस. सगळं श्रेय त्या स्क्रूला आणि त्या स्क्रूला हात न लावणाऱ्या दिराला.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी हे लिहिलंही नसतं. एक लबाडी, सगळे खूश. पण तू तुझं सुख कधी एकटीपुरतं ठेवायची नाहीस.

वसंतला, तुझ्या धाकट्या भावाला, तू सांगितलंस. त्याच्याकडेही तेच इंजिन, फक्त गाडी वेगळी. "पंप वाढवून घे. इंजिन खोलायची काही गरज नाही, दिनूने माझं उगीच साफसूफ केलं. खरी जादू पंपाची." वसंत ठाकूरद्वारहून माझ्या गाळ्यावर आला. मी त्याचं इंजिन ऐकलं. तुझं होतं त्याहून वाईट. म्हटलं, "आधी इंजिन काम करा." तो म्हणाला, "दिनूभाऊ, ताईचं तर पंपावरच झालं ना?"

एका वाक्याचं काम होतं. नाही, ताईचं पंपावर झालेलं नाही. एवढंच बोलायचं होतं. मी म्हटलं, "हो, पण…" आणि पुढे म्हटलं, हातात बरीच कामं आहेत, दोन महिने तरी जमणार नाही. वाटलं, थांबेल. तो थांबला नाही. दुसरीकडे कुणीतरी स्क्रू फिरवून दिला.

पुढचं तुला माहीत आहे. मे महिना, कशेडी, गाडीत बायको, मुलं, सासूबाई. इंजिन तापलं, पिस्टन जाम झाला, तिथेच सगळं संपलं. मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला ही मंडळी पोचली तेव्हा मांडव उतरवत होते. वसंतच्या सासुरवाडीने त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग त्याने तुला फोन केला. "ताई, तुझ्या त्या पंपापायी माझी अब्रू गेली."

तू माझ्याकडे आलीस. रडवेली. "दिनू, आपल्या गाडीला काही झालं नाही, मग त्याच्याच का रे? मी काही चुकीचं सांगितलं का त्याला?"

आणि मी म्हणालो, "त्याचा मेकॅनिक कच्चा असेल."

वहिनी, मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पहिलं खोटं तुझ्या काळजीपोटी होतं, निदान मी तसं म्हणू शकतो. हे खोटं फक्त मला वाचवायला होतं. तू ते उचललंस आणि तस्संच वसंतला जाऊन दिलंस, तुझ्या पद्धतीने, "स्वस्तातला मेकॅनिक गाठलास, आता भोग!" तुझ्या तोंडाला फिल्टर नव्हता. तो म्हणाला, "बरं ताई." आणि तुमचं बोलणं बंद झालं. लालबाग ते ठाकूरद्वार. तू माहेरच्या आंब्यांची पेटीसुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवायचीस आणि ती न उघडता परत यायची.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू सकाळपासून स्वयंपाक करत होतीस. वड्यांचं पीठ, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळं वसंतच्या आवडीचं. दार कुणी वाजवलं की हात पुसत यायचीस. दिवेलागण झाली. तू ताट घेतलंस, निरांजन लावलंस आणि गॅलरीत गेलीस. समोरच्या टॉवरच्या बाजूने बारीकशी कोर दिसत होती. तू चंद्राला ओवाळलंस. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं. तुझा भाऊ इथून टॅक्सीने अर्ध्या तासावर होता.

मी दारात उभा होतो. तू वळलीस आणि म्हणालीस, "ओवाळणी काही घातली नाही हो त्यानं. चिंगूस मेला." आणि हसलीस. मीही हसलो. ते हसू मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही.

तेव्हा का नाही बोललो? कारण आता एक नाही, तीन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. पंप वाढवला नव्हता. वसंतला अडवू शकत होतो, अडवलं नाही. आणि मेकॅनिकवर ढकललं. जेवढं थांबलो तेवढं ओझं वाढत गेलं. तुझ्याकडे जेवायला येत राहिलो. गाडीचं ऑइल वेळच्या वेळी बदलत राहिलो, जणू त्याने काही फिटणार होतं.

हॉस्पिटलात तू शेवटी शेवटी खूप झोपायचीस. एकदा दुपारी डोळे उघडून म्हणालीस, "बरी झाले की मेमध्ये जाऊ. पंप अजून थोडा वाढव हां. माझा पण आणि गाडीचा पण." मी म्हटलं, "हं." पुन्हा तेच. तू डोळे मिटलेस. तुझा हात माझ्या हातात होता, नर्सने येऊन वेळ संपली म्हणेपर्यंत.

कुणी म्हणेल, बाईमाणूस हुशार होती, तिला आतून ठाऊक असणार. मी स्वतःला ही सूट देणार नाही. तुला ठाऊक नव्हतं. तू विश्वास ठेवायचीस, सरळ, पूर्ण, आणि त्याच विश्वासावर भावाला तोडून बसलीस. तुला ठाऊक असूनही तू गप्प राहिली असतीस तर मला बरं वाटलं असतं. म्हणूनच ते खरं नाही.

वसंत आला होता. तुला न्यायच्या आधी माहेरची साडी घेऊन आला. मोरपंखी, तुला शोभेल अशी. ती त्याने तुझ्या अंगावर पांघरली. घडी सरळ पडेना. मी दुसरं टोक धरलं. सगळं आटोपून घरी आल्यावर त्याने मला खाली चहावाल्यापाशी गाठलं. "दिनूभाऊ, एक विचारू? ताई माझ्यावर राग धरून गेली का हो? मी पेट्या परत पाठवायला नको होत्या."

माझ्या तोंडून निघालं, "छे. राग कसला." आणि मी ग्लास ठेवून वर आलो.

तो माणूस आता जन्मभर असं समजणार की बहिणीने त्याला वाईट सल्ला दिला, वर टोमणा मारला, आणि त्याने ते मनाला लावून घेऊन तिला गमावलं. तू त्याला दिलेल्या सल्ल्यात एकच गोष्ट खोटी होती आणि ती तुझी नव्हती. तू जे खरं समजत होतीस तेच भावाला प्रेमाने सांगितलंस.

तुझी माफी मागण्यात आता अर्थ नाही. तू "मेल्या!" म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला असतास आणि तासाभराने डबा पाठवला असतास, हे मला माहीत आहे. त्या धपाट्यालाही मी मुकलो, माझ्याच करणीने. तू मला दिलेलं कौतुक मी फुकट घेतलं. पण ते घेताना मला जे वाटलं, की मीही कुणाच्या लेखी काहीतरी आहे, ते खरं होतं. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. बोलता आलं नाही कधी, म्हणून लिहून ठेवतो.

गाडी तुझ्या मुलांनी माझ्याकडेच ठेवली आहे. काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

वसंतला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ठाकूरद्वारला जाऊन, त्याच्या समोर बसून, तिन्ही गोष्टी त्याला सांगणं हे माझं देणं आहे, आणि ते अजून बाकी आहे.